पट्टीबाई आणि सातवी चकती

इस्पितळाच्या लॅबमध्ये तिला सगळे पट्टीबाई म्हणत, तेही तोंडावर, कारण ती वरून चिडली तरी आतून खूश व्हायची. बावीस वर्षं एकच काम: रुग्णाचे जंतू बशीत वाढवायचे, त्यावर निरनिराळ्या औषधांत भिजवलेल्या सात चकत्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी मोजपट्टी लावायची. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती स्वच्छ गोल पडतो. गोल नाही, तर औषध कुचकामी. मोजल्याशिवाय तिचा कशावर म्हणून विश्वास नाही. "लग्नाआधी हिने माझी उंचीसुद्धा मोजली असणार," नवरा चारचौघांत सांगायचा. मोजली होतीच.

हा नवरा खुब्याचं हाड मोडून तीन आठवडे वरच्या वॉर्डात पडून होता. दाखल झाला तेव्हा तिने त्याची लघवी स्वतः तपासली होती. पोटातला साधा जंतू, सातही गोल ऐसपैस. मग त्याला ताप भरला, आणि नव्या बशीत त्याच साध्या जंतूने सहा औषधं धुडकावून लावली. चौथ्या चकतीभोवती तेवढं नऊ मिलिमीटरचं पुसट कडं होतं, तेही औषध लागू पडण्याइतकं नाही. सातवीचा गोल मात्र शाबूत.

ते पुसट कडं तिने पुन्हा मोजलं. हे तिने आधी पाहिलं होतं. गेल्या महिन्यात, त्याच वॉर्डातल्या बेसिनाच्या नमुन्यात. तिथला जंतू निराळाच, चिकट, ओल्या जागी राहणारा. चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली म्हणून तिने आधी आख्ख्या लॅबला फैलावर घेतलं. मग पुन्हा तपासलं, तिसऱ्यांदा तपासलं. दोन वेगळ्या जाती, आणि दोन्ही बशांत तेच नऊ.

"चिठ्ठ्या बरोबर आहेत," लॅबच्या डॉक्टरीण मॅडम म्हणाल्या. "या जंतूंमध्ये एक छोटी सुटी कडी असते, प्लाझ्मिड. औषधाला कसं पुरून उरायचं ते तिच्यात असतं. एक जंतू दुसऱ्याला चिकटला की तिची नक्कल देऊन टाकतो."

"आपल्याच पिल्लांना ना?"

"कुणालाही. जातपात बघत नाहीत ते. मला कळत नाही ते एवढंच की बेसिनात एवढे पटाईत झाले कसे? तिथे रोज थोडंथोडं औषध मिळत असणार त्यांना."

नवऱ्याला सातवं औषध सुरू झालं. ताप उतरला, जेवणाला नावं ठेवणं सुरू झालं, तिच्या जिवात जीव आला. चौथ्या दिवशी ती भेटायला गेली, तर वॉर्डातली सिस्टर सलाईनची बाटली बेसिनात उपडी करत होती. तळाशी उरलेलं सातवं औषध होतं ते.

"अहो, हे काय करताय?"

"तुम्हीच सांगितलेलं ना, पट्टीबाई? मागे एकदा विचारलं होतं. म्हणालात, कचऱ्यात कशाला, बेसिनात ओता, नळीतले जंतू तरी मरतील. तेव्हापासून सगळ्या तेच करतो."

तिला आठवलं. जाताजाता, हसतहसत म्हणालेली. आठ वर्षं झाली असतील. नळ बंद होता, तरी जाळीखालून गुडगुड असा आवाज आला.

तिने ओतणं थांबवलं. जाळीतून नमुना घेतला. कागदावर 'वापरू नये' असं ठळक लिहून स्वतः बेसिनावर चिकटवला.

दोन दिवसांनी सकाळी तिने बशी उजेडात धरली. पट्टी काढायची गरजच पडली नाही. सातव्या चकतीच्या पार कडेपर्यंत जंतू दाट माजले होते. बेसिन आता सातही औषधं पचवत होतं, आणि नवऱ्याच्या औषधाचे अजून तीन दिवस बाकी होते.

ती जिने चढून धापा टाकत वॉर्डात आली. खाट रिकामी होती.

"इकडे, अगं!"

वॉकरला धरून तो बेसिनापाशी उभा होता. ओल येऊन गळालेला कागद आत जाळीवर पडला होता, त्यावरून नळाचं पाणी चालू होतं. तोंड धुऊन झालं होतं, मिशीवरून थेंब ओघळत होते.

"स्वतःच्या पायांनी आलो बघ, अकरा पावलं! मोजायची तर मोज." असं म्हणून त्याने ओले हात तिच्यापुढे केले.

तिला ते धरता येईनात.