दात फक्त जेवणापुरते

मेणात बसवलेले दात तोंडात होते आणि तुळशीरामकाका पासष्टपासून पुढे मोजत होते. कवळी पक्की करण्याआधी आम्ही दातांचे डॉक्टर अशी ट्रायल घेतो. पासष्ट, सहासष्ट नीट म्हणता आलं की समजायचं, दात जागेवर बसले. काकांचा 'स' स्वच्छ आला. सत्तरवर ते थांबले आणि शेजारी उभ्या मुलाला म्हणाले,

"विलास, सारी जिंदगी लोक काय म्हणतीन म्हणून काढली. आता मले दिग्रसले सुमीकडं ने. लेकीजवळ मरायचं हाय मले."

विलास मला आधी म्हणाला होता की दोन वर्षांपासून बाबा काय बोलतात ते घरात कोणाला कळत नाही, निदान जेवता तरी यावं म्हणून आणलंय. आता कळलं होतं. तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "डॉक्टरसाहेब, पोरगा जिता असून बाप जावयाच्या घरी मेला, तं लोक माह्या तोंडात शेण घालतीन."

त्याचंही खोटं नव्हतं. आमच्या घाटंजीत लोक खरंच घालतात. पण मरायचं काकांना होतं, लोकांना नाही.

कवळी दिली. दिवसभर घाला, रात्री पाण्यात ठेवा, असं बजावलं. नवी कवळी हिरडीला टोचते, म्हणून आठवड्याने परत बोलावतो. काका आले ते बोळक्या तोंडाने. विलासने शर्टाच्या खिशातून डबी काढली.

"जेवाच्या टायमाले देतो न. दिवसभर घालून हरवले तं?"

मी चिडलो. दात बोलायलाही लागतात, म्हणालो. तो हो हो करत राहिला. तेवढ्यात काका काहीतरी पुटपुटले.

"पाहा, तुम्हाले तरी समजलं काय?"

मला समजलं होतं. उभा जन्म बोळक्या तोंडांत गेला, ती भाषा मला येते. काका 'दिग्रस' म्हणत होते. मी तसं सांगितलं. विलासने डबी खिशात टाकली आणि त्यांना घेऊन गेला.

थंडीत काका गेले. विलासच्याच घरी. तेरवीचं जेवायला गेलो तर तो स्वतः वाढत होता. तुमच्यामुळे बाबा शेवटपर्यंत पोटभर जेवले, असं चार लोकांसमोर म्हणाला. मागून पाण्याचा तांब्या घेऊन सुमी आली.

"डॉक्टर, बाबा माही आठवण काढत होते काय? फोनवर नुसतं फुसफुस ऐकू ये. दादा म्हणे, आता त्याईले काही समजत नाही."

ट्रायलच्या दिवशीचं बोलणं मी तिला विलाससमोर शब्दन्शब्द सांगितलं. ती तांब्या घेऊन तिथेच खाली बसली. विलास बुंदी घेऊन पुढच्या पानाकडे गेला.

मीही सत्तरीला टेकलोय. दात अजून शाबूत आहेत. म्हणून परवा दोन्ही मुलांना समोर बसवून मला कुठे आणि कसं मरायचंय ते सांगायला घेतलं. थोरला म्हणाला, "बाबा, आधी जेवून घ्या."