नानांची गाडी चाळीसच्या वर जाईना

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. कारण विषय श्राद्धाचा आहे, आणि त्यात घोळ घातलाय तो मी.

नाना म्हणजे माझे सासरे. त्यांना जाऊन वर्ष झालं. वर्षश्राद्ध धुळ्याला, त्यांच्या मोठ्या भावाकडे. आमचे हे आदल्या दिवशीच तिकडे गेलेले. सकाळी जळगावहून मी आणि सासूबाई, म्हणजे अक्का, नानांच्याच गाडीनं निघणार होतो. बारा वाजता कावळ्याला पान ठेवायचं होतं. अक्कांचं एकच म्हणणं, "पान मी ठेवणार." वर्षभर त्या फारशा बोलल्याच नव्हत्या, पण हे मात्र महिनाभर सांगत होत्या.

तर आदल्या संध्याकाळी मी शहाणपणा केला. आमच्या घरामागे डाळ मिल. तिथले उंदीर म्हणजे काय, पाहुण्यांना मांजरी वाटतात! गेल्या पावसाळ्यात त्यांनी गाडीच्या वायरी खाल्ल्या. बॉनेटखाली तंबाखू ठेवली की उंदीर फिरकत नाहीत, असं मी मोबाईलवर पाहिलेलं. आणि तंबाखू माझ्याकडे होती.

कुठली? आता सांगावंच लागेल. डॉक्टरांनी बंद करा म्हटलं, तेव्हा नानांची डबी मी लपवली होती. पिठाच्या डब्यामागे. नाना शेवटपर्यंत विचारायचे, "सूनबाई, डबी दिसली का?" मी चक्क "नाही नाना" म्हणायची. अजून टोचतं हो ते.

तीच तंबाखू नानांच्या चौकड्याच्या दोन रुमालांत बांधली. दोन पुरचुंड्या. बॉनेट उघडलं, जागा दिसली तिथं ठेवून दिल्या.

गावात गाडी नीट चालली. हायवेला लागलो आणि सुरू झालं! पाय दाबला की "भोंऽऽ" असा आवाज, आणि गाडी मरगळायची. चाळीस. फार तर बेचाळीस. पाय उचलला की जरा जीव यायचा, दाबला की पुन्हा धाप. मागून ट्रक कर्णे वाजवतायत. एरंडोलच्या अलीकडे तर कापसाच्या ट्रॅक्टरनं आम्हाला मागे टाकलं, आणि वर गोणींवर बसलेल्या बाईनं मला हात हलवून टाटा केला!

अक्का समोर बघत बसलेल्या. एकदम म्हणाल्या, "वास येस का तुले?"

त्या गलबलल्या किंवा रागावल्या की अहिराणीत बोलतात. एरवी आपल्यासारखंच.

"कसला वास, अक्का?"

"तंबाखूना. त्या शेतस गाडीमां."

म्हणजे नाना गाडीत आहेत! वास कुठून येतोय ते मला ठाऊक होतं. पण ते सांगायचं म्हणजे डबीचं सांगायचं! मी नुसती काच खाली केली. तिथंच चुकलं बघा.

"चाळीसच्या वर जाऊ देत होते का ते कधी?" अक्का म्हणाल्या. खरंच होतं. नाना शेजारी बसून डॅशबोर्डवर बोटं वाजवायचे, "हळू चालाड, सूनबाई."

मग अक्का बोलायला लागल्या. माझ्याशी नाही, नानांशी. "अहो, बाराला पान ठेवायचंय. आज तरी सोडा ना गाडी." मी घाबरून पाय उचलला, तर गाडी जरा पळाली.

"पाहा! ऐकलं त्यांनी!"

पुढे पुन्हा धाप. "काय राहिलं तुमचं? बोला तरी!"

वर्षभर गप्प असलेली बाई बोलत होती, डोळे पुसत होती. आणि मी, चांगली बीएस्सी झालेली, मनात म्हणत होते, नाना, डबी मीच लपवली, माफ करा, पण पारोळ्यापर्यंत तरी न्या!

गाडी बाजूला घेऊन यांना फोन लावला. "डिझेलचा फिल्टर चोंदला असेल. पारोळ्यात दाखव."

पारोळ्याला पोचलो तेव्हा पावणेअकरा. गॅरेजवाले भाऊ चांगले वयस्कर, शांत.

"ताई, गाडीला कोणी हात लावला होता?"

"छे! मी कोणाला लावूच देत नाही."

भाऊंनी डिझेलचा फिल्टर काढून पाहिला. ठीक होता. "रेस द्या," म्हणाले. दिली. कान देऊन ऐकलं. "हिला श्वास घेता येत नाही."

इंजिनाला हवा नेणारा एक जाड काळा पाइप असतो. त्याच्या तोंडात भाऊंनी दोन बोटं घातली आणि ओढलं. चौकड्याचा रुमाल!

अक्कांनी हातच जोडले. "त्यासनाच रुमाल शे!"

भाऊ माझ्याकडे बघत होते. "ताई, हे गाडीचं नाक आहे. पाय दाबला की ती जोरात हवा ओढते, मग हा आत जाऊन घट्ट बसतो. जित्या गाडीच्या नाकात बोळा कोणी घातला?"

आता कुठं लपणार? सांगितलं सगळं. उंदीर, रुमाल, तंबाखू. आणि शेवटी डबी.

अक्कांनी रुमाल भाऊंच्या हातून घेतला आणि पदराच्या गाठीत बांधला.

"डबी तू लपवलीस, ते त्यांना माहीत होतं," त्या म्हणाल्या.

"मग मला विचारायचे कशाला?"

"तुझी गंमत पाहायला. खोटं बोलताना तुझे कान लाल होतात." मग हळूच, "पुडी मीच देत होते त्यांना. रोज चिमूटभर."

मी तिथंच, टायरांच्या ढिगाशेजारी, रडले. भाऊ बिचारे बॅटरीमागं सापडलेली दुसरी पुरचुंडी हातात धरून उभे.

बाराला पाच कमी असताना धुळ्याला पोचलो. पान अक्कांनीच ठेवलं. भाताशेजारी रुमालातली चिमूटभर तंबाखूही ठेवली. कावळा लगेच आला. सगळं खाल्लं, तंबाखू तेवढी सोडून! डॉक्टरांचं आता ऐकलं म्हणायचं, दुसरं काय.

परतीला गाडी अशी पळाली म्हणता! काटा सत्तरवर गेला, आणि शेजारून डॅशबोर्डवर बोटं वाजली.

"हळू चालाड, सूनबाई."

"अक्का, अहो, आता बरी झाली ना गाडी!"

अक्कांनी पदराची गाठ चाचपली.

"बोळा मनाजोडेच शे."

घरापर्यंत चाळीसनं आले.