रोबोटच्या कपाळाला हळद

टांझानियातल्या एका शाळेत मुलींचा रोबोटिक्स संघ उभा करून मी सांगलीला परतलो होतो. त्यांची पहिली स्पर्धा घरी बसून व्हिडिओ कॉलवर बघत होतो. शिट्टी वाजली, समोरच्या संघाचा रोबोट सुटला आणि आमचा जागचा हलेना.

"बॅटरी बघा! वायर बघा!" मी फोनवर ओरडत सुटलो. वेळ चालला होता.

मागून बायको म्हणाली, "आवं, त्याच्या म्होरं पिवळं काय हाय?"

हळद! पुढच्या सेन्सरच्या काचेवर हळदीचं बोट ओढलेलं. समोर भिंत आहे असं समजून गडी थांबला होता. तिथे असताना खंडेनवमीला मी पान्यांना, स्क्रूड्रायव्हरला हळदकुंकू वाहिलं होतं, ते पोरींनी पाहिलेलं.

"डोळ्यात हळद घालतं का कुणी?" मी इंग्रजीतून कडाडलो.

त्यांच्या कप्तान मुलीने बाहीने काच पुसली. रोबोट सुसाट निघाला. मग ती शांतपणे फोनकडे वळली.

"सर, पूजा आपल्याच हत्यारांची करतात, असं तुम्हीच सांगितलं होतं. मग हा रोबोट कुणाचा?"