ओलेत्यानं

नलूआत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी नुकतीच अंघोळ करून बाहेर आले होते. घाटकोपरहून मुलुंडला पोचेपर्यंत माझी कातडी ताणली जाऊन चरचरत होती. अंघोळीनंतर काही न लावता घराबाहेर पडायची ती पहिलीच वेळ... आत्याला कळलं असतं तर तिनं दारातच झापलं असतं.

बाबांची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही, मुलुंडला आमच्याच घरी राहिली, विम्याच्या ऑफिसात नोकरी केली आणि माझ्यासारखीच खाजरी कातडी जन्मभर वागवली. लहानपणी माझ्या कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खळग्यांत लाल चट्टे उठायचे. सोसायटीतल्या बायका त्याला बेधडक नायटा म्हणायच्या. त्यात शेजारच्या काकू पहिल्या. आपल्या मुलींना त्या माझा हात धरू द्यायच्या नाहीत. आईनं केमिस्टला विचारून एक ट्यूब आणली. तिनं चट्टे झटकन गेले आणि दुप्पट होऊन परतले. शेवटी आत्यानंच मला त्वचेच्या डॉक्टरांकडे नेलं. तिथे बाकावरची निम्मी पोरं कोपर खाजवत बसलेली बघून मी थक्क झाले. अ‍ॅटोपिक डर्मेटायटिस, डॉक्टर म्हणाले, मुलांमध्ये अगदी सर्रास दिसतो आणि एकाचा दुसऱ्याला मुळीच लागत नाही. "एवढं भारदस्त नाव, आणि घरोघरी मातीच्या चुली!" आत्या म्हणाली.

डॉक्टरांनी नियम घालून दिले: स्टेरॉइडचं मलम चट्टे उठतील तेव्हाच, बोटाच्या टोकाच्या पेराएवढं, दोन तळव्यांएवढ्या जागेला. ओलावा धरून ठेवणारं साधं क्रीम मात्र रोज, अंघोळीनंतर अंग दमट असतानाच. हे शेवटचं आत्यानं आपल्या भाषेत करून टाकलं. "क्रीम ओलेत्यानं लावायचं!" देवाला ओलेत्यानं प्रदक्षिणा घालतात, तसं. बाथरूमबाहेर ती बाटली घेऊन उभीच असायची. काकूंनी हे ऐकून आईला हळूच विचारलं, "पोरीला कुठल्या देवाचं व्रत लावलंय गं?" आत्या आतून ओरडली, "खाजेश्वराचं! तुम्ही पण या ना दर्शनाला!" तेव्हापासून आमच्या घरात त्या क्रीमचं नाव प्रसाद पडलं. ज्या अंगाला हात लावायला लोक बिचकत, ते अंग ती कणीक मळावी तसं निर्धास्त चोळायची. मला ती त्यासाठीच फार आवडायची.

पुढे मी घाटकोपरला राहायला गेले, तरी रविवारी तिच्याकडे अंघोळीलाच जायची. तिचे हात थरथरू लागले होते, पण रिवाज मोडला नाही. माझी पाठ ती, तिची पाठ मी.

त्या दिवशी बायकांनी तिला शेवटची अंघोळ घातली. कुणीतरी टॉवेल पुढे केला. मी तो बाजूला सारून फळीवरची बाटली उचलली.

"आता कशाला गं?" काकूंनी विचारलं.

"ओलेती आहे ती," मी म्हटलं आणि पाठीपासून सुरुवात केली. मग काकूंनी आपला तळवा क्रीमसाठी पुढे केला आणि आत्याचे हात चोळायला घेतले...

ती बाटली आता माझ्या बाथरूममध्ये आहे. रोज लावते, ओलेत्यानंच. पाठीच्या मधोमध वीतभर जागा कोरडी राहते.