न वाळणारा पत्रा

दुष्काळाच्या त्या वर्षी मी नगरमधल्या एका छोट्या धर्मादाय दवाखान्याची गाडी चालवत होतो. जुनी बंद व्हॅन होती ती. पुढे दोघांपुरती जागा, मागे एका अंगाला बाकडं आणि बाकी उघडा पत्रा. खेड्यांतून हगवणीची साथ होती. पेशंट उतरला की मी मागचा पत्रा फिनेलच्या पाण्याने धुवायचो, दिवसातून कधी कधी चारदा. उन्हाळा संपता संपता त्या पत्र्याला गंजाने बोट जाईल एवढी भोकं पडली. डॉक्टर म्हणाले, "मिस्त्रीला दाखव. ठिगळं मारून वरून डांबरी रंग देऊन घे. नाहीतर एखाद्या दिवशी पेशंट रस्त्यावर पडेल."

मिस्त्रीची शेड नागापूरकडे होती. तिथे तेव्हा कारखाने तुरळकच, मधे नुसतं उजाड माळरान. मिस्त्री साठीचा, कमी बोलणारा माणूस. त्याने भोकांवर ठिगळं जोडली, तारेच्या ब्रशने गंज खरवडला आणि रंगाचा डबा माझ्या हातात दिला. "मला त्या ट्रकखाली शिरायचंय. तू मार. पुढून सुरू कर आन् मागं सरकत दाराशी ये. जाड मार, पान्यानं सुदिक पत्र्याला हात लावला न्हाई पायजे."

भर दुपार होती. गाडी शेडमध्ये उभी, तरी आत भट्टी झाली होती. त्या काळ्या रंगाला रॉकेल आणि डांबराचा मिळून असा वास होता की डोळ्यांतून पाणी यायचं. मी उकिडवा बसून ब्रश ओढत मागे मागे सरकत होतो. मागच्या डाव्या चाकाच्या उंचवट्यापाशी आलो आणि आवाज ऐकला.

थप. थप. थप.

सावकाश, सारख्या अंतराने. हातोडीचा नव्हे, तळहाताचा. बाळाला निजवताना बाई थापटते, तसा.

मी ब्रश थांबवला. आवाज थांबला नाही. माझ्या पायाखालच्या पत्र्यातून तो येत होता, आणि तो मला अनोळखी नव्हता.

"मिस्त्री, खालून ठोकताय का?" मी ओरडलो.

मी दारातून उडीच मारली. मिस्त्री बाहेर लिंबाखाली बसून भाकरी खात होता.

"ऊन लई हाय," तो म्हणाला. "पत्रा तापला की बोलतो."

मी परत आत गेलो. तेवढा कोपरा भराभर रंगवला आणि घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी सगळा पत्रा खडखडीत वाळला होता. फक्त तो कोपरा ओला होता. मांडी घालून बसलेल्या माणसाएवढी जागा, तिच्या कडा आखल्यासारख्या. बोट लावलं तर बोट काळं झालं. मिस्त्रीने तेवढा रंग खरवडून काढला, पेट्रोलने पुसला आणि या वेळी स्वतः ब्रश मारला. गाडी ढकलत उन्हात नेली, दारं सताड उघडी ठेवली.

तिसऱ्या दिवशीही ती जागा ओलीच. पण आता तिच्यावर खुणा होत्या. एकाच जागी एकावर एक पडलेले उथळ खळगे, कुणी ओल्या रंगावर अलगद हात टेकवत राहावं तसे. मिस्त्रीने आपला पंजा वर धरून पाहिला. खळगे त्याच्या पंजाहून लहान होते. त्याने हात मागे घेतला, पटक्याच्या शेवाला पुसला. हाताला काही लागलेलं नव्हतं, तरी पुसला.

"हितं कोन बसलं हुतं?" त्याने विचारलं.

मी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्याला सांगितलं.

दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट. नेवाशाच्या पुढे, पूर्वेकडच्या एका खेड्यात सिस्टरला सोडायला गेलो होतो. तिथे घरोघर माणसं आजारी. सिस्टर मागे थांबली आणि एका बाईला तिच्या वर्षाच्या आजारी मुलासकट माझ्या गाडीत घालून म्हणाली, "कुठे थांबू नका." बाई बाकड्यावर बसेना. गाडीची सवय नव्हती, घसरत होती. ती खाली पत्र्यावर, चाकाच्या उंचवट्याला टेकून बसली. मूल मांडीवर. सगळ्या वाटेने ती त्याला थापटत होती. त्याच्या अंगावरून हात घसरला की तो पत्र्यावर पडायचा.

वाटेत रेडिएटर उकळलं. थांबावंच लागलं. एका गावात टँकर आला होता, तिथे बायकांच्या गर्दीत घुसून मी बादलीभर पाणी मिळवलं. परत येऊन बसलो आणि आरसा खाली वळवून मागे पाहिलं. मुलाचा हात तिच्या मांडीवरून लोंबत होता. गाडी हलली की तो हलत होता, नुसता गाडीबरोबर. मला कळलं. बाईने मान वर केली, आरशात आमची नजर भेटली. ती म्हणाली, "निजलाय."

मी "बरं" म्हणालो आणि गाडी चालवत राहिलो. नगर अजून तासाभरावर होतं. त्या तासात मी एकदाही तोंड उघडलं नाही. मागून थप थप चालूच होतं. मी आरसा परत वर वळवून ठेवला.

दवाखान्यात डॉक्टरांनी मुलाला पाहिलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "मला काय माहीत? मी पुढे होतो." दुसऱ्या दिवशी तिचा भाऊ आला आणि तिला एसटीने घेऊन गेला.

मिस्त्रीने सगळं ऐकून घेतलं. रंगाचा डबा झाकणाने बंद केला.

"गाडी राहू दे हितं," तो म्हणाला. "तू तिला भेटून ये."

"जाऊन काय सांगू?"

"मला काय इचारतो? जा."

पहाटेच्या एसटीने निघालो. फाट्यावरून चालत गेलो. बाई गावात नव्हती, पाझर तलावाच्या कामावर होती. तिथे माती वाहणाऱ्या शंभरेक बायकांत मी तिला ओळखेन असं वाटलं नव्हतं. तिनेच मला ओळखलं. टोपली खाली ठेवून ती बाभळीच्या सावलीला आली. माझ्याहून लहानच असेल, पण चेहरा सुकून गेला होता.

"दवाखान्याचं काय राह्यलं का, दादा?" तिने विचारलं.

"नाही. मीच आलोय. त्या दिवशी... मला कळलं होतं."

"ठावं हाय. आरशात बघितलं तुमी."

"मी काही बोललो नाही."

तिने पदराने कपाळावरची माती पुसली. मग म्हणाली, "बोलला असता तर म्या त्याला खाली ठेवलं असतं. मला ठेवायचं नव्हतं." तिने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. "पन लई येकली हुते, दादा. तुमी नुसतं कायबी बोलला असता, पान्या-पावसाचं, तरी चाललं असतं. तुमी आरसाच फिरवला."

मी मान खाली घातली. "चुकलं माझं," म्हणालो. तिने "व्हय" म्हटलं. रागाने नव्हे. लांबून मुकादमाने हाक मारली. जाता जाता तिने विचारलं, "भाकर खाल्ली का?" मी नाही म्हणालो तेव्हा तिने फडक्यातली अर्धी भाकरी आणि मिरचीचा ठेचा माझ्या हातावर ठेवला आणि कामावर गेली. मी तिथेच बसून ती खाल्ली.

दुसऱ्या दिवशी शेडवर गेलो. कोपरा वाळला होता. मिस्त्रीने पत्रा पुन्हा उघडा करून धुण्याच्या सोड्याने धुतला होता, स्टोव्हच्या आचेने शेकला होता आणि मग रंग मारला होता. "ब्रेकचं ऑइल पाझरत हुतं," तो म्हणाला. "तेलावर रंग धरत न्हाई." त्याने मला खालची ओलसर नळी दाखवली. नळी पत्र्याखाली होती, तेल वर कसं चढलं, हे मी विचारलं नाही. त्या खळग्यांबद्दल तोही काही बोलला नाही. मात्र गाडी बाहेर काढताना तो आधी मागे चढला आणि त्या कोपऱ्यात काही वेळ कान देऊन बसून राहिला.

"काय मिस्त्री?"

"काय न्हाई. ने."

ती गाडी मी पुढे चार वर्षं चालवली. आवाज पुन्हा आला नाही, किंवा आला असला तर मला ऐकू आला नाही, कारण पेशंट मागे बसला की मी बोलायला लागायचो. विहिरीला पाणी किती, बाजारात बैल कुठले आले, लेकीला कुठे दिली. सिस्टर वैतागायची. एकदा राहात्याचा एक म्हातारा, पोटदुखीने वाकडा झालेला, मागून ओरडला, "आरं ड्रायवर, जरा गप बस की! मला कण्हू तरी दे." मी म्हणालो, "कण्हा बाबा, मी ऐकतोय."