चिरगावचा वळू आणि थोडी हवा

आमच्या लॅबमध्ये किस्से साठतात, कारण आमचं काम वाट बघण्याचं. जंतू वाढेपर्यंत माणसं बोलत बसतात. पण आमचा जंतू हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वळूच्या पोटाखालच्या कातडीच्या घडीत गुपचूप राहतो आणि गाईला लागला की वासरू पोटातच जातं. हवा नसली की तो साखर खाऊन हायड्रोजन सोडतो. जरा ऑक्सिजन मिळाला की हायड्रोजन बंद, पण तग धरतो. जास्त झाला की मेला. किती म्हणजे जास्त, तेच आम्ही शोधतोय.

*

मी नवा होतो तेव्हा आमच्या लॅबच्या मॅडम मला म्हणाल्या, "काका, जंतूंची नळी काठोकाठ भरा." मी सवयीने वर बोटभर जागा सोडली. घरी दुधाचं पातेलं काठोकाठ कोण भरतं? तेवढ्या हवेने सगळे जंतू खलास.

"काका," मॅडम म्हणाल्या, "हे उतू नाही जात. मरतात."

*

एकदा बिजौलीच्या गॅसवाल्याकडून, नळ्यांतली हवा हाकलायला लागतो त्या नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचं सिलिंडर आलं. मी फोनवर भडकलो, "भैया, इससे तो सब मर जाएँगे!"

पलीकडून तो म्हणाला, "ऑक्सीजन से? हमारे पिताजी तो न मिलने से गए थे."



*

चिरगावात तीन गाई गाभडल्या. संशय रामसेवकच्या वळूवर, भूरावर. आई मेलेल्या भूराला त्याने बाटलीने दूध पाजून वाढवलेलं. जंतू निघाला तर भूराला गावाबाहेर सोडायचं, असं पंचांनी ठरवलं होतं.

गुरांच्या डॉक्टरांनी भूराचा नमुना घेतला. तो रामसेवक स्वतः बसने घेऊन आला, नळीचं झाकण उघडं ठेवून!

"दम घुट जाता बेचारों का," तो म्हणाला.

नळीत काहीच जिवंत नव्हतं.

"तो हमारा भूरा साफ है?"

"नहीं भैया. हवा लगने से मर गए. नमूना फिर से लाइए."

"अच्छा, हवा से मर जाते हैं," तो स्वतःशीच म्हणाला.

दुसरी नळी त्याने घट्ट बंद करून आणली. तिच्यात जंतू निघाला.

*

रिपोर्ट द्यायला मॅडम आणि मी चिरगावला गेलो. गोठ्याच्या चारी भिंती पाडलेल्या. मधोमध भूरा उभा, आणि रामसेवक स्टुलावर बसून त्याच्या पोटाखाली हातपंख्याने वारा घालत होता. दुसरा नमुना दिला त्या दिवसापासून हेच चाललंय, त्याची बायको म्हणाली.

"मैडम जी, अब तो मर गए होंगे?"

मॅडमनी हातातला रिपोर्ट माझ्याकडे दिला, ओढणी कमरेला खोचली, आणि त्याच्या हातातला पंखा घेऊन त्या वारा घालू लागल्या.