अठ्ठावीसवर ठेवलेला स्टिरिओ

सातवीत सहामाही परीक्षा झाली आणि माझी शाळा सुटली. पुढं लग्न झालं, आणि नवऱ्याला गोंदियाला रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचं काम लागलं म्हणून सांगोल्याकडची आमची वस्ती सोडून मी तिकडं गेले. एक रात्र आणि जवळजवळ एक दिवस प्रवासात जायचा. तिथं ओळखीचं कुणी नव्हतं. बाजारात सगळे हिंदी बोलायचे, आणि खेड्यातून आलेली माणसं जी मराठी बोलायची ती ऐकून मी नुसती मान हलवायची.

फुलचूरला एका घरात दिवसभरासाठी बाई हवी होती. त्या घरात मी चार वर्षं काम केलं. सही करणं, इंग्रजी आकडे वाचणं, बँकेत खिडकीपाशी उभं राहून आवाज न कापता बोलणं, हे सगळं माझ्याकडं तिथूनच आलं. इतकं ज्या घराचं खाल्लं, त्याच घरातली ही गोष्ट आहे, म्हणून ती आठवली की मला धड बसवत नाही.

घरातल्या बाई शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या. साखरेनं त्यांची नजर गेली होती. उजेड आणि अंधार एवढं कळायचं, कुणी आडवं आलं तर सावली कळायची. भिंतीला हात लावून त्या घरभर फिरायच्या. त्यांचे मालक, म्हणजे साहेब, पाटबंधारे खात्यात होते. मूळचे अर्जुनी मोरगावकडचे, ज्यांच्या वाडवडलांनी गावोगाव तलाव बांधले अशा घरातले. मी कामाला लागायच्या पाच महिने आधी ते वारले होते.

बैठकीत भिंतीला लागून त्यांचा काळा स्टिरिओ होता. लेकीनं नागपूरहून आणलेला. त्याच्या पेटीला सगळे रिसिव्हर म्हणायचे. रेडिओ, टीव्ही, सीडी, सगळ्यांच्या वायरी तिच्या पाठीत जायच्या आणि आवाज दोन उंच स्पीकरांतून यायचा. रिमोटवर पन्नास-साठ बटणं. चालू-बंदच्या बटणावर साहेबांनी धानाचा एक दाणा चिकटवून ठेवला होता, बाईंच्या बोटाला कळावं म्हणून.

पहिल्या दिवशी बाईंनी रिमोट माझ्या हातात दिला, तेव्हा मी तो दोन्ही हातांनी धरला.

"काऊन वं, भेऊन राहिलीस? मशीन चावत नाही. चावलंच त मी चावीन."

"नाही भीत, बाई."

"मग हे पाहा. दाण्याचं बटन, चालू आणि बंद. बाकी कोणत्याच बटनाले हात लावायचा नाही. आवाजाच्या त नाहीच नाही. समोर आकडा दिसते का?"

काचेच्या पट्टीवर हिरवट आकडा होता. त्याच्या आधी एक बारीक आडवी रेघ होती. "अठ्ठावीस," मी म्हटलं.

"तो साहेबांचा आहे. त्या दिवशीचा."

त्या दिवशी काय झालं ते मला शेजारच्या काकूंनी कुंपणावरून सांगितलं. संध्याकाळची वेळ, रेडिओवर बातम्या लागलेल्या, बाई स्वयंपाकघरात भजी तळत होत्या. साहेब मागच्या न्हाणीघरात गेले आणि तिथं पडले. बातम्या संपल्या, त्यानंतरचा शेतीचा कार्यक्रम संपला, तेव्हा बाई जेवायला बोलवायला गेल्या. फार उशीर झाला होता. तेराव्याला याच काकू बोलता बोलता बोलून गेल्या, "मले त्या टाइमले कोणी हाक मारल्यासारखं वाटलं होतं." न्हाणीची खिडकी त्यांच्याकडंच उघडते. काकू बोलून आपल्या घरी गेल्या. ते वाक्य मात्र बाईंच्या घरातून गेलं नाही.

दुसऱ्या आठवड्यात बाईंनी मला न्हाणीघरात जाऊन हाक मारायला सांगितलं.

कारण त्यांनी लपवलं नाही. त्यांना एकच जाणून घ्यायचं होतं. स्टिरिओ अठ्ठावीसवर असताना, कढईत भजी असताना, न्हाणीतली हाक स्वयंपाकघरात ऐकू येते की नाही. येत असेल तर दोष त्यांचा. येत नसेल तर नाही.

साहेब त्यांना 'अवं' म्हणून हाक मारायचे. मी न्हाणीत उभी राहिले, पदर तोंडावर घेऊन कसंबसं "अवं" म्हटलं, आणि मला हसू आलं. बाई दारापर्यंत आल्या.

"कुजबुजू नको. आणि उभी कायले राहतेस? पडलेला माणूस उभा राहून हाक मारते का?"

मग मी ओल्या फरशीवर बसले. बादली माझ्या डोक्याच्या उंचीला आली. समोर साबणाची खोबणी, वर खिडकीचा चौकोन. तिथून तो माणूस हेच बघत असेल, असं मनात आलं आणि माझं हसू तिथंच संपलं. "अवं!" मी ओरडले. बैठकीतून बातम्या सांगणाऱ्या बाईचा स्वच्छ आवाज येत होता. माझी हाक त्याच्याखाली गेली.

"नाही आला," बाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्या रात्री त्या दोन भाकरी जेवल्या आणि मला पाढे विचारून माझी थट्टा करत बसल्या.

पण दुसऱ्या दिवशी चार वाजल्यापासून त्यांचा हात भिंतीवरून पुढं-मागं फिरायला लागला. काल वारा होता का? कढईत तेल जास्त होतं का? पुन्हा बातम्या, पुन्हा भजी, पुन्हा मी फरशीवर. असं ज्या ज्या संध्याकाळी वीज असायची त्या त्या संध्याकाळी, दोन महिने. शेजारच्या काकू खिडकीखालून विचारायच्या, "काऊन वं, तुझा नवरा तिकडे रोलर चालवून राहिला, आणि तू इथी कोणाले अवं अवं करतेस?" मी हसायची. घरी गेल्यावर नवरा पाणी मागायला "अगं" म्हणाला तरी मी दचकायची. दुसऱ्याचा शब्द रोज तोंडात घेतला की तो तोंडातच राहतो, असं मला वाटायला लागलं होतं.

वैशाखात वादळ झालं. विजा इतक्या जवळ पडत होत्या की मी धावत जाऊन स्टिरिओची पिन ओढून काढली. बाईंना सांगितलं नाही. त्याच वादळात आंब्याची फांदी तारांवर पडली, चौकातला ट्रान्सफॉर्मर जळला, आणि आमच्या बाजूला दहा-बारा दिवस वीज नव्हती. बाई कंदिलाच्या उजेडाकडं तोंड करून बसायच्या आणि विचारायच्या, "आली का?"

वीज आली तेव्हा बाई अंगणात काकूंशी बोलत होत्या. मी पिन लावली, दाण्याचं बटण दाबलं. पट्टीवर अक्षरं लुकलुकली. रेडिओ बोलेना, आणि आकडा आला साठ.

साहेबांचा आकडा गेला होता आणि तो मी घालवला होता. बाईंना कळलं तर मला ठेवतील का, हा पहिला विचार आला. तो पहिला आला हे मी लपवत नाही.

अठ्ठावीसवर एवढा आवाज, तर साठवर छप्पर उडेल, असा मी हिशेब केला. आवाज कमी करायचं बटण दाबलं, तर आकडा एकसष्ट, बासष्ट झाला. घाबरून दुसरं दाबलं, तेव्हा तो उतरायला लागला. मशीन वादळात उलटं झालं असं मी समजले. रेडिओ मुका असल्यामुळं कानाला काहीच कळत नव्हतं. पन्नास, पंचेचाळीस, चाळीस, अडतीस. आणि अडतीसवर मी थांबले.

मुद्दाम थांबले. मला वाटलं, दहा जास्त राहू देत. आवाज मोठा राहील, माझी हाक कधीच पोचणार नाही, आणि बाईंचं मन एकदाचं शांत होईल. त्यांनी माझ्यासाठी इतकं केलं होतं. माझ्या हातून त्यांना देण्यासारखं एवढंच होतं.

मग बराच वेळ बटणं दाबून बातम्यांचं स्टेशन शोधून काढलं. आवाज बारीक येत होता.

"आज बातम्या दूर गेल्यासारख्या वाटते," बाई कढईपाशी म्हणाल्या.

"वादळानं झालं असेल," मी म्हटलं, आणि न्हाणीत जाऊन बसले. "अवं!"

स्वयंपाकघरात झारा पडला.

मी धावत गेले. बाईंनी गॅस बंद केला नव्हता. भजी काळी होत होती आणि त्या कढईकडं तोंड करून उभ्या होत्या.

"आला," त्या म्हणाल्या. "साफ आला."

त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी चार वाजले तरी हात भिंतीवर फिरला नाही. "आता हाक नको मारू," त्या म्हणाल्या. "समजलं मले." मी चहा दिला की कप हातात तसाच गार व्हायचा. मी मनात म्हणायची, मी तर आवाज वाढवून ठेवला होता. वाढवूनही हाक पोचली, म्हणजे त्या खरंच ऐकू शकल्या असत्या. मग वाटायचं, नाही, यात कुठंतरी माझा हात आहे.

चौथ्या दिवशी मी त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. पिन, साठ, उलटं झालेलं मशीन, अडतीस. काढून टाकलं तरी चालेल, असंही म्हटलं.

बाईंनी हातातला कप खाली ठेवला आणि विचारलं, "आकड्याच्या आधी आडवी रेघ आहे का?"

"आहे."

"अठ्ठावीसच्या आधी पण होती?"

"होती. मला वाटलं, ती मशीनची नक्षी."

"सातवीत कधी सोडली शाळा?"

"सहामाहीनंतर."

"तरीच. ते उणे आहे, पोरी." त्यांचा आवाज एकदम वर्गातला झाला. "साहेब तलावाचं पाणी कसं मोजत? सांडव्याच्या काठापासून पाणी किती खाली आहे, तसं. दहा फूट खाली म्हणजे पाणी जास्त का वीस फूट खाली म्हणजे?"

"दहा."

"मग अठ्ठावीस मोठा का अडतीस मोठा?"

मी आवाज वाढवला नव्हता, बुडवला होता.

वाटलं, आता त्या चिडतील. त्यांनी माझं डोकं चाचपून त्यावर हात ठेवला. "उठ. अठ्ठावीस कर. कढई ठेव."

बातम्या लागल्या. आवाज पुन्हा पहिल्यासारखा घरभर झाला. मी न्हाणीकडं निघाले तर बाईंनी अडवलं.

"तू नाही. तू कढईपाशी उभी राह्य. माझ्या कानात ती हाक आता बसली आहे, नाही आली तरी मले ऐकू येईल. मी जातो मागे. तू ऐक. आणि खरं सांग."

भिंतीला हात लावत त्या गेल्या. मी भजी सोडली. तेल तडतडत होतं, बैठकीतली बाई पावसाचा अंदाज सांगत होती. मी कान देऊन उभी होते.

हाक आली. बारीक, पण आली. "अवं." एकदाच.

माझ्या हातातला झारा पडला नाही. तो मी घट्ट धरला. बाईंची पावलं परत यायला लागली तोवर मी ठरवून टाकलं होतं. त्या चौकटीत थांबल्या. तोंड माझ्याकडं, नजर भलतीकडं.

"आली का?"

"नाही आली, बाई."

त्यांचे खांदे खाली आले. त्या पाटावर बसल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

"खरं बोललीस," त्या म्हणाल्या. "बसले मी फरशीवर. दोनदा तोंड उघडलं. हाक निघालीच नाही वं माझ्या गळ्यातून."

भजी उलटायची होती, ती मी उलटली.

पुन्हा हाक मारून पाहायचं का, असं त्यांनी विचारलं नाही. मीही नाही. अठ्ठावीसवर दोन महिने हाक आली नव्हती, आली ती अडतीसवर; त्यात आता माझ्या 'नाही'वर त्यांचा विश्वास बसला होता, आणि काय सांगून मी तो मोडणार होते? दोन महिने मीच ओरडत होते, माझ्याच कानात ते राहिलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. आजही सांगते. कधी पटतं.

पुढच्या आठवड्यात बाई म्हणाल्या, "तुले वाटेल तेवढा आवाज ठेवत जाय. आता काही नाही त्या आकड्यात." त्या रात्रीच्या झोपायला लागल्या होत्या, जेवायला लागल्या होत्या. मी त्या घरात आणखी पावणेचार वर्षं होते. रोज संध्याकाळी बातम्या मीच लावायची, आणि आवाज उणे पन्नासच्याही खाली न्यायची. बाई कुरकुरायच्या, "काऊन वं, मुक्याच्या घरचा रेडिओ करून ठेवला?" मी म्हणायची, मशीन जुनं झालंय. आणि कढई उतरवली की न्हाणीच्या दारात जाऊन, आत न जाता, थोडा वेळ उभी राहायची.